पराक्रमी पात्रांचा खेळ कसा चालवावा

बुद्धिबळें, सोंगट्या, पत्ते इत्यादि बैठे खेळ आपल्याकडे घरोघरीं चालत आलेले आहेत. त्यांत कोणी जिंकतो, कोणी हरतो, आणि डाव संपला म्हणजे पट गुंडाळून ठेवावयाचा अशी रीत आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत एक निराळाच बैठा खेळ जगभर पसरला आहे. त्यांत जिंकणारा नाहीं व हरणाराहि नाहीं. एकच डाव महिनोन्महिने, केव्हां केव्हां वर्षानुवर्षें चालतो. आणि पटापेक्षां संभाषणालाच त्यांत अधिक महत्त्व असतें. प्रत्येक खेळाडू एखाद्या कल्पित वीराची भूमिका घेतो, म्हणून त्यास आपण भूमिका-खेळ म्हणूं. कागद, पेन्सिल आणि थोडे फासे एवढेंच साहित्य त्यास लागत असल्यामुळें तो जसा न्यूयॉर्क शहरांत तसाच यवतमाळ, पुसद किंवा वणी येथेंहि मांडतां येतो.

हा खेळ आरंभावा कसा, हें सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. अडचण पुढें येते. पात्रें दुबळीं असतात तोंवर खेळ रंगतो; तीं बलाढ्य झालीं म्हणजे तोच खेळ फिका पडूं लागतो, चालविणारा थकतो, आणि ज्या वीरांस मुलांनीं दोन-दोन वर्षें वाढविलें त्यांची कथा मध्येंच सुटते. असें कां होतें, आणि पराक्रमी पात्रांचा खेळ शेवटापर्यंत कसा न्यावा, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

खेळाचें स्वरूप

ज्या पालकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां प्रथम दोन शब्द सांगतों. पांच-सहा मुलें एकत्र बसतात. एक योद्धा होतो, एक मांत्रिक, एक देवतेचा उपासक, एक चोरवाटांचा जाणता. उरलेला एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो: "समोर पडका किल्ला आहे, दाराशीं दोन पहारेकरी शेकत बसले आहेत, तुम्ही काय करितां?" एक म्हणतो, "मी भिंतीवर चढतों." दुसरा म्हणतो, "मी त्यांच्याशीं गोड बोलून पाहतों." जें साधेल कीं नाहीं याचा संशय असेल त्यासाठीं फासा टाकावयाचा, आणि पुढें काय घडलें तें सूत्रधारानें सांगावयाचें. कीर्तनांत बुवा कथा सांगतात व श्रोते ऐकतात. येथें श्रोतेच कथेंतील पात्रें होऊन ती पुढें नेतात.

या खेळाचें मूळ लष्करी शिक्षणांत सांपडतें. १८२४ सालीं प्रशियांतील राइसवित्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत फासे होते व निकाल देणारा पंचहि होता. पुढें दीडशें वर्षांनीं, १९७४ सालीं, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं रचिलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनिव्हा या गांवाहून प्रसिद्ध झाला. तीन लहान पुस्तिका एका पेटींत घालून त्याच्या पहिल्या १,००० प्रती काढिल्या होत्या. सबंध सैन्य हलविण्याऐवजीं एका खेळाडूनें एकच पात्र चालवावें ही कल्पना या खेळानें जगभर नेली. त्यानंतर या जातीचे इतर खेळ पुष्कळ निघाले. परंतु सर्वांत प्रसिद्ध म्हणून उदाहरणें आम्ही यांतलींच घेतों.

या खेळांत पात्राच्या सामर्थ्याच्या पायऱ्या असतात. संकटें पार पडत जातात तसा अनुभव वाढतो व पात्र वरच्या पायरीवर चढतें. २०१४ च्या नियमांप्रमाणें अशा २० पायऱ्या असून त्यांचे चार टप्पे केले आहेत: १ ते ४, ५ ते १०, ११ ते १६ आणि १७ ते २०. पहिल्या टप्प्यांत वीर एका गांवाचा कैवारी असतो, दुसऱ्यांत सबंध राज्याचा. आणि शेवटच्या टप्प्यांत जगाचें बरेंवाईट त्याच्या हातीं येतें. आमचा विषय अकराव्या पायरीपासून पुढचा आहे.

सामर्थ्य वाढलें म्हणजे काय बदलतें

पहिला बदल गणिताचा. वीस बाजूंचा फासा टाकून जो आंकडा पडेल त्यांत पात्राचें कौशल्य मिळवितात. बेरीज ठरलेल्या आंकड्याइतकी किंवा अधिक झाली म्हणजे कार्य साधलें. पहिल्या पायरीवरील निपुण पात्राचें कौशल्य साधारण ५ असतें. एखादी भिंत चढण्यास १५ ची बेरीज हवी असेल, तर फाशावर १० किंवा अधिक पडले पाहिजेत. असे आंकडे ११ आहेत, म्हणजे शेंकडा ५५ वेळां यश. विसाव्या पायरीवर तेंच कौशल्य ११ होतें. आतां ४ पडले तरी पुरे; असे आंकडे १७, म्हणजे शेंकडा ८५ वेळां यश. जी भिंत पूर्वी धडकी भरवीत असे ती आतां उंबरठ्यासारखी वाटूं लागते.

दुसरा बदल अडथळ्यांचा. पांचव्या पायरीवर मांत्रिक आकाशांत उडूं लागतो. नवव्या पायरीवर उपासकास मृताला परत आणण्याचा विधि साधतो. त्यास ५०० सुवर्णमुद्रा किंमतीचा हिरा लागतो, परंतु तोंवर धनवान् झालेल्या वीरांस त्याची काय मातब्बरी! तेराव्या पायरीवर मांत्रिक आपल्या सोबत्यांसह क्षणांत दूरदेशीं पोंचतो. सतराव्या पायरीवर तर 'इच्छा' नांवाचा मंत्र मिळतो. इच्छा तोंडानें बोलावी आणि ती बहुतेक पुरी व्हावी. यवतमाळाहून उमरखेडास पायीं जावयाचें असतें, तर वाटेंतील घाट, रान, पुराचा नाला, रात्रीचा मुक्काम या एकेकावर एकेक संध्याकाळ रंगली असती. आतां एक मंत्र म्हटला कीं वीर उमरखेडच्या वेशींत उभे! सूत्रधारानें योजिलेली सारी वाट फुकट जाते.

तिसरा बदल वेळेचा. पात्राजवळ विद्या जितक्या अधिक तितका प्रत्येक पाळीस विचार अधिक. लढाईंत पांच खेळाडूंनीं प्रत्येकीं तीन मिनिटें घेतलीं आणि सूत्रधारानें पांच घेतलीं, तर एका फेरीस वीस मिनिटें लागतात, आणि चार फेऱ्यांस ऐंशी. आपली पाळी होऊन गेल्यावर पाव तास ताटकळणारा मुलगा खिडकीबाहेर पाहूं लागला, तर त्यास दोष देतां येत नाहीं.

दोन कुचकामी उपाय

असें झालें म्हणजे नवशिका सूत्रधार बहुधा दोन उपाय करून पाहतो. पहिला उपाय सामर्थ्य काढून घेण्याचा. "या किल्ल्यांत उडतां येत नाहीं," "या अरण्यांत मंत्र चालत नाहीं," असे हुकूम तो सोडूं लागतो. कथेंत तसें कारण असेल तर एखाद्या ठिकाणीं हें शोभतेंहि. परंतु रोजच असें होऊं लागलें, तर जी विद्या मिळविण्यास मुलानें दोन वर्षें घालविलीं ती हातीं येतांच हिरावून घेतल्यासारखें होतें. त्यास तें कळतें आणि लागतेंहि.

दुसरा उपाय अडथळे वाढवीत जाण्याचा. वर सांगितलेल्या भिंतीची उंची वाढवून १५ च्या जागीं २१ हवेत असें ठरविलें, कीं विसाव्या पायरीवरील वीरास पुन्हां १० पडले पाहिजेत, आणि यश पुन्हां शेंकडा ५५ वर येतें. म्हणजे वीस पायऱ्या चढूनहि वीर होता तेथेंच राहिला! पहारेकऱ्याच्या जागीं राक्षस आला आणि राक्षसाच्या जागीं महाराक्षस आला, तरी नांवें तेवढीं बदलतात. खेळाडूस विचारलेला प्रश्न तोच राहतो. खरा उपाय प्रश्नच बदलण्यांत आहे.

जुन्या कथांनीं काढलेली वाट

ज्यांस असाध्य असें कांहींच नाहीं अशीं पात्रें आपल्या पुराणकथांत जागोजाग आहेत, आणि तरी त्या कथा ऐकतांना कोणी कंटाळत नाहीं. भीष्मास इच्छामरणाचा वर होता. परंतु शिखंडीवर शस्त्र धरावयाचें नाहीं हा त्याचा स्वतःचा निश्चय होता, आणि तेथेंच युद्धाचें पारडें फिरलें. द्रोणाचार्यांनीं शस्त्र खालीं ठेविलें तें पुत्राच्या मरणाची वार्ता ऐकून. कर्णानें कवचकुंडलें गमाविलीं तीं रणांत नव्हे, दान देतांना. बळीचें त्रैलोक्याचें राज्य गेलें तें तीन पावलें भूमि देण्याचा शब्द पाळल्यामुळें. द्यूतसभेंत भीमार्जुनांचें बाहुबळ कोठें गेलें नव्हतें. हरलेल्या पणानें त्यांचे हात बांधिले होते. यांपैकीं कोणाचें सामर्थ्य कथाकारानें आपल्या सोयीसाठीं कमी केलेलें नाहीं. शब्द, नातें, व्रत आणि ऋण यांच्यापुढें त्या सामर्थ्याचें काय होतें, हें त्यानें दाखविलें आहे.

यक्षप्रश्नाची कथा सूत्रधारानें पुन्हां पुन्हां वाचावी अशी आहे. वनवासांत तहानेनें व्याकुळ झालेले चार पांडव सरोवराकांठीं एकामागून एक पडले, कारण यक्षाच्या प्रश्नांस उत्तर न देतां ते पाणी प्याले. युधिष्ठिरानें उत्तरें दिलीं. परंतु कथेचा कळस त्याच्याहि पुढें आहे. एकच भाऊ उठवीन, कोणता तें सांग, असें यक्षानें म्हटल्यावर युधिष्ठिरानें भीम मागितला नाहीं कीं अर्जुन मागितला नाहीं. त्यानें नकुल मागितला. कुंतीचा एक पुत्र आपण जिवंत आहोंच, तेव्हां माद्रीचाहि एक असावा, हा त्याचा विचार. येथें फासा टाकण्याजोगें कांहींच नाहीं. तरी ऐकणारा श्वास रोखून ऐकतो. पराक्रमी पात्रांसाठीं प्रसंग कसा रचावा याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतहि असें एक उदाहरण आहे. कळंब येथील चिंतामणि गणपतीच्या क्षेत्राची कथा अशी सांगतात कीं, गौतम ऋषींच्या शापांतून सुटण्याकरितां प्रत्यक्ष इंद्रानें येथें येऊन गणेशाची उपासना केली. हातीं वज्र असलेल्या देवराजास या ठिकाणीं आणणारा कोणी बलाढ्य शत्रु नव्हता. त्याचें स्वतःचें कृत्यच त्यास घेऊन आलें.

कोंकणांतील व गोमंतकांतील दशावतारी खेळ आमच्या विषयास आणखी जवळचे आहेत. त्यांस लिहिलेली संहिता नसते. आख्यानाची रूपरेषा ठरलेली असते आणि नट संवाद तेथल्या तेथें रचितात. देवाच्या हातून असुर मरणार हें लहान पोरासहि ठाऊक असतें. तरी लोक रात्रभर बसतात. दोघे एकमेकांस काय बोलतात, कोण कोणाचें काय देणें लागतो, कोणाचा शब्द कोठें अडकतो, यांत त्यांचें मन गुंतलेलें असतें. मग निकाल आधींच ठाऊक असल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

यावरून सूत्रधारानें घ्यावयाचा बोध थोडक्यांत असा: दुबळ्या पात्राला "हें तुला करतां येईल काय?" असें विचारावें, पराक्रमी पात्राला "हें तूं करावेंस काय, आणि त्याचें मोल कोणीं द्यावें?" असें विचारावें.

एक नमुना

बोध सांगणें सोपें. तो खेळांत उतरतो कसा हें एका प्रसंगावरून पाहूं. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा डोळ्यांपुढें आणा आणि तशाच एका नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेलें कल्पित राज्य मांडा. उत्तर तीरावर कपाशीचे गांव आहेत. दक्षिण तीरावर ज्वारीचीं शेतें आणि भोयांची वस्ती. तीन वर्षें पाऊस नीट पडलेला नाहीं. आपले वीर पंधराव्या पायरीवर पोंचले असून राज्यांत त्यांचा शब्द चालतो. उत्तरेकडील गांवकरी येऊन हात जोडतात: "महाराज, नदी आमच्याकडे वळवा."

मांत्रिकास तें येतें. सूत्रधारानें येथें फासा मागूं नये; "होय, तुला साधेल," असें सरळ सांगावें. मग तीन गोष्टी पुढें ठेवाव्या. एक, नदी वळली तर दक्षिण तीर कोरडा पडेल. आणि खेळाच्या आरंभीं, वीर पहिल्या पायरीवर असतांना, ते घायाळ झाले त्या रात्रीं त्यांस आपल्या होडीखालीं लपविणारा भोई तेथेंच राहतो. दुसरी, सहस्रकुंडासारख्या एका धबधब्याखालीं नदीचा जुना राखणदार आहे, आणि ही नदी कोणी वांकविणार नाहीं असें वचन त्यास पूर्वीच्या राजानें दिलेलें आहे. तिसरी, शत्रूचें सैन्य घाटापासून दोन दिवसांच्या वाटेवर आलें आहे.

आतां खेळाडूंनीं ठरवावें. नदी वळविली तर उत्तरेची कपाशी वांचेल, दक्षिणेकडे होड्या वाळूंत पडतील, आणि कांहीं दिवसांनीं त्या भोयाचा मुलगा वाड्याच्या दाराशीं येऊन उभा राहील. हातांत शस्त्र नाहीं, फक्त बापाचें वल्हें. वळविली नाहीं तर, कालपर्यंत वीरांचा जयजयकार करणारीं माणसें बैलगाड्यांत संसार भरून त्यांच्याच दारावरून परमुलखीं निघून जातील. पाणी अर्धें अर्धें वांटलें तर तें कोणालाच पुरेसें नाहीं; कोणीं किती पेरावें हें ठरविण्यास दोन्ही तीरांची पंचायत बसविली पाहिजे, आणि तेथें चार दिवस जातील. घाटांत सैन्य तर दोनच दिवसांत येतें. एखादी मुलगी म्हणेल, "नदी राहूं द्या, मी मंत्रानें दूरदेशीं जाऊन धान्य आणतें." उत्तम. तें साधूं द्यावें. मात्र पुढच्या बैठकींत तें धान्य कोणाच्या कोठारांतून आलें हा प्रश्न यावा.

या सबंध प्रसंगांत कोणाचें सामर्थ्य कमी केलेलें नाहीं, आणि एकहि महाराक्षस आणावा लागला नाहीं. तरी आमची खात्री आहे कीं, मुलें तासभर वाद करतील आणि घरीं जातांनाहि तोच वाद चालेल. सूत्रधाराजवळ 'बरोबर उत्तर' तयार असतां कामा नये. एखादें उत्तर त्यास अधिक आवडत असेल, तर तें त्याच्या बोलण्यावरून मुलें ओळखतात, आणि मग तीं विचार करण्याचें सोडून त्याच्या मनांतलें ओळखूं लागतात.

सूत्रधारास कांहीं सूचना

(१) प्रत्येक पात्राच्या विद्या एका कागदावर लिहून घ्याव्या आणि तो कागद पुढें ठेवून तयारी करावी. एखाद्या मंत्रानें सूत्रधाराचा बेत एकदां मोडला तर मौज वाटते. पण दर वेळीं मोडूं लागला तर सूत्रधारानें कागद वाचलाच नाहीं असें समजावें.

(२) वाट योजूं नये, परिस्थिति योजावी. तीन पक्ष घ्यावे. प्रत्येकास काय हवें आहे आणि वीर आलेच नाहींत तर तो काय करील, एवढें लिहून ठेवावें. मग वीर उडून येवोत, चालत येवोत कीं भुयारांतून येवोत, तयारी वाया जात नाहीं.

(३) एकाच वेळीं अनेक हांका येऊं द्याव्या. मंत्रानें कोठेंहि जातां येतें; परंतु एकाच क्षणीं दोन ठिकाणीं राहतां येत नाहीं. वरच्या पायरीवर वीरांस खरी टंचाई असते ती वेळेची.

(४) लढाया थोड्या व आंखूड ठेवाव्या. पुढची पाळी ज्याची असेल त्यानें आपला बेत आधींच ठरवावा. दहा साधे फासे टाकून बेरीज करीत बसण्यापेक्षां त्यांची सरासरी ३५ धरावी. २०१४ च्या नियमांत थोर शत्रूंस एक सवलत आहे: एका मंत्रानेंच त्यांचा निकाल लागूं नये म्हणून ते दिवसांतून ठराविक वेळां, बहुधा तीनदां, मंत्राचा परिणाम टाळूं शकतात. शत्रूजवळ अशी सवलत आहे हें वीरांस प्रसंगांतून कळूं द्यावें; नाहींतर फुकट गेलेला मंत्र फसवणुकीसारखा वाटतो.

(५) कधीं कधीं वीरांस सहज जिंकूं द्यावें. ज्या पहारेकऱ्यांनीं पहिल्या पायरीवर त्यांस पळावयास लाविलें होतें, तसेच पहारेकरी पुन्हां समोर यावे आणि नांव ऐकतांच त्यांनीं भाले खालीं ठेवावे. आपण किती वर आलों हें खालीं पाहिल्यावांचून कळत नाहीं.

(६) मृताला परत आणतां येत असल्यामुळें केवळ प्राणांचें भय पुरत नाहीं. परंतु नियमांतच असें आहे कीं, परत येण्यास मृताचा आत्मा राजी असावा लागतो. तो राजी नसेल तर कां नसेल, हा प्रश्न कोणत्याहि राक्षसापेक्षां मोठा आहे. वीरांचा लौकिक, दिलेलें वचन, आवडतें गांव, जुना मित्र, हीं सर्व प्राणांइतकींच मोलाचीं ठरूं शकतात.

(७) योद्ध्याकडे लक्ष असावें. वरच्या पायरीवर मांत्रिकाच्या विद्या इतक्या वाढतात कीं, तरवार चालविणारा मुलगा मागें पडतो. पूर्वीच्या नियमकारांनीं यावर विचार केला होता. १९७८ च्या नियमांत नवव्या पायरीवरील योद्ध्यानें गढी बांधिली म्हणजे त्याच्या आश्रयास माणसें येत. १९८४ साली निघालेल्या 'कंपॅनियन' नांवाच्या संचांत १५ ते २५ या पायऱ्यांवरील वीरांनीं मुलूख कसा राखावा, उत्पन्न व प्रजा यांचा हिशेब कसा ठेवावा, याचे नियम दिले होते. मांत्रिकाचें भय वाटतें, पण लोक विश्वास टाकतात तो योद्ध्यावर, असें खेळांत दिसूं द्यावें. म्हणजे तरवारीचें वजन पुन्हां वाढतें.

शेवट कोठें करावा

ज्ञानचौपड हा आपल्याकडील जुना खेळ; सापशिडीचा तो पूर्वज होय. त्याच्या ७२ घरांच्या एका प्रकारांत वैकुंठाचें घर शेवटचें नसून ६८ वें आहे. तेथें नेमका थांबला तो तरला; पुढें सरकत जो ७२ व्या घरीं पोंचला त्यास तमोगुणाचा साप ५१ व्या घरीं, पृथ्वीवर, आणून सोडतो. भूमिका-खेळासहि हें लागू पडतें. विसावी पायरी चढून झाल्यावर "आतां आणखी काय?" असें विचारीत खेळ रेंगाळला, तर तो खालींच घसरतो. म्हणून शेवटच्या टप्प्यांत शिरतांनाच सर्वांनीं मिळून ठरवावें, कीं या वीरांच्या जन्माचें कोणतें एक काम उरलें आहे. आणि तें झालें म्हणजे खेळ आटोपावा.

आटोपण्यासाठीं एक सबंध संध्याकाळ राखून ठेवावी. त्या दिवशीं लढाई नको. प्रत्येकानें आपल्या वीरानें मागें काय ठेविलें, कोणाचें ऋण फेडिलें व कोणाचें राहिलें, तें सांगावें. मग ज्यांस हवें असेल त्यांनीं त्याच राज्यांत, तीस वर्षांनंतर, पहिल्या पायरीवरील नवीं पात्रें घेऊन नवा खेळ मांडावा. वळविलेल्या नदीच्या कांठीं जन्मलेलीं तीं मुलें जुन्या वीरांविषयीं काय बोलतात हें ऐकणें, हें जुन्या खेळाडूंस मोठें बक्षीस असतें. आणि क्वचित् शिक्षाहि.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, सुटीच्या दिवशीं दोन-तीन तासांची मर्यादा घालून हा खेळ मुलांस खेळूं द्यावा, परीक्षेच्या दिवसांत बंद ठेवावा, आणि एकदां तरी जवळ बसून ऐकावा. मुलें तेथें बेरजा करतात, भाषा वापरतात, दुसऱ्याचें पुरतें ऐकून मग बोलावयास शिकतात. हे लाभ आहेतच. परंतु वरच्या पायरीवरील खेळांत याहून मोठा एक अभ्यास होतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास नदी वळविण्याचा मंत्र मिळणार नाहीं. कोणी वर्गनायक होईल, कोणी संघनायक. पुढें कोणाच्या सहीनें कालव्याचें पाणी सुटेल, कोणाच्या लेखणीनें एखाद्याचें कर्ज मंजूर होईल किंवा राहील. त्या दिवशीं "मला हें करतां येतें" एवढ्यावर न थांबतां "मीं हें करावें काय, आणि त्याचें मोल कोणीं द्यावें?" असें स्वतःस विचारण्याची संवय ज्यास लहानपणीं फासे खेळतांना लागली असेल, त्याचा वेळ वाया गेला असें कोण म्हणेल?